बोंबलाचं पाणी

लग्न होऊन विरारजवळच्या आगाशीला येईपर्यंत बोंबील म्हणजे काडी, एवढीच माझी समजूत होती. संगमनेरच्या आठवडी बाजारात मिरची आणि गुळाच्या ओळी संपल्या की पुढे सुक्या मासळीची पालं लागत. पोत्यावर जवळ्याचे ढीग, शेजारी सुकट, खारे बांगडे, आणि सरपणाच्या मोळीसारखे बांधलेले बोंबील. पिवळट, वाकडे, जबडा वासलेले. शाळेत माझ्या भावाला सगळे 'सुका बोंबील' म्हणायचे, इतका तो किडकिडीत होता. देशावर ही उपमा सगळ्यांना कळते, आणि तिच्यामुळेच बोंबील जन्मतःच सुका असतो असं मला वाटत राहिलं. तो कधी ओला असेल, पाण्यात पोहत असेल, हा विचारच डोक्यात आला नव्हता.

आईचा बोंबील मात्र फार चांगला व्हायचा. डोकी, शेपट्या आणि पर मोडून ती बोटभर तुकडे करायची, ते तव्यावर कोरडेच भाजायची आणि मग गरम पाण्यात बुडवायची. तुकडा जरा फुगला की मधला काटा अलगद ओढून काढायचा. वांग्यात घातला की तो बोंबील वांग्यापेक्षा जास्त भाकरी संपवायचा. उन्हाळ्यात भाजीपाला महागला की चटणी: भाजलेला बोंबील, लसूण, तिखट, मीठ, सगळं खलबत्त्यात कुटायचं, वरून कच्च्या तेलाची धार. बाजरीची गरम भाकरी आणि ही चटणी असली की वडील दुसरं काही मागत नसत.

आगाशीत लग्नानंतरच्या दुसऱ्याच आठवड्यात अर्नाळ्याची मासळीवाली मावशी डोक्यावर पाटी घेऊन दारात आली. सासूबाईंनी पाटीवरचं ओलं फडकं बाजूला केलं. आत काहीतरी राखाडी-गुलाबी, ओलसर, अर्धवट आरपार दिसणारं पडलं होतं. वीतभर लांब, डोळे बारीक, तोंड मात्र मोठं आणि त्यात सुईसारखे बारीक दात. मी बोट लावलं तर ते आत रुतलं. मासा असा असतो हेच मला पटेना. पापलेट, सुरमई पाहिली होती, त्यांना हाताला लागेल असं अंग असतं. हे म्हणजे कुणीतरी पाणी कातडीत बांधून ठेवलेलं.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"बोंबील," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे खातात ना?"

ज्याला मी वीस-बावीस वर्षं ओळखत होते, तो समोर पडला होता आणि मला ओळखू आला नव्हता. ते ओशाळलेपण मला अजून आठवतं.

पहिल्यांदा एकटीने केले तेव्हा सगळं चुकलं. इतर माशांसारखेच धुतले, मसाला लावून ठेवला, कढईत फोडणी करून पाणी घातलं आणि उकळी आल्यावर बोंबील सोडले. मग सवयीने डाव फिरवला. एकदाच. पाच मिनिटांत कढईत लालसर पाण्यात पांढरे धागे तरंगत होते आणि मधूनमधून एखादा काटा. घरात कुणी काही बोललं नाही. सासूबाई दुसऱ्या दिवशी माझ्याशेजारी उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "बोंबलाचं पाणी कुठं न्यायचं ते आधी ठरव. मग मसाला काढ."

या एका वाक्यावर माझा आजवरचा सगळा बोंबील उभा आहे. या माशाच्या मांसात शंभरातले ऐंशीहून जास्त भाग पाणी असतं. हाडंही जेमतेम, मधला काटा सोडला तर बाकीचे दाताखाली कळतही नाहीत. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरचे लोक याला टोफू-मासा म्हणतात, आणि हात लावलेल्या कुणालाही ते नाव पटेल. ज्याला हा मासा आवडत नाही तो नेहमी एकच तक्रार करतो: लिबलिबीत लागतो. खरं तर त्याला पाणी लागलेलं असतं, ज्याचं काय करायचं हे रांधणाऱ्याने ठरवलेलं नसतं.

हॉटेलांत जो बोंबील फ्राय मिळतो त्यात हे पाणी दाबून काढलेलं असतं. घरी सासूबाई डोकं आणि शेपूट कापून पोटाच्या बाजूने चीर देतात, पुस्तकासारखा उघडतात आणि मधला काटा बोटानेच सोडवून घेतात. उघडलेले बोंबील मीठ लावून पाटावर अंथरलेल्या स्वच्छ सुती फडक्यावर ओळीने मांडायचे, वर दुसरं फडकं, त्यावर दुसरा पाट आणि त्या पाटावर पाटा-वरवंट्यातला पाटा. खालचा पाट एका बाजूने किंचित उचलून ठेवायचा, म्हणजे पाणी वाहून जातं. अर्ध्या-पाऊण तासाने फडकं ओलं चिंब आणि बोंबील पानासारखा चपटा. मग हळद, तिखट, आलं-लसूण, चिंचेचा दाट कोळ. तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून त्यात घोळवायचा, आणि तव्यावर टाकला की कडा स्वतःहून तवा सोडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. घाई केली तर पीठ तव्याला आणि मासा उलथन्याला.

हा प्रकार छानच असतो. बाहेर कुरकुरीत, आत सायीसारखा. पण बोंबलाची ओळख एवढ्यावरच थांबली याचं मला वाईट वाटतं. मुंबईबाहेरून येणारे पाहुणे एका हॉटेलात बोंबील फ्राय खातात आणि बोंबील खाल्ला असं म्हणतात. त्यांनी खाल्लेलं असतं ते बोंबलातून पाणी गेल्यावर उरलेलं. पाण्यासकट बोंबील खायचा असेल तर कालवण हवं.

कालवणात पाणी त्याचं त्याच्याकडेच ठेवायचं. म्हणजे बाहेरून पाणी जवळजवळ घालायचंच नाही. पसरट पातेल्यात तेल, त्यात ठेचलेला लसूण, आणि तोही हात आखडता न घेता, दहा-बारा पाकळ्या. लसूण तांबूस झाला की हळद, घरचा मसाला, दोन उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या. मसाला जळायच्या आत चिंचेचा कोळ, मार्च-एप्रिलमध्ये चिंचेऐवजी कैरीच्या फोडी. याला एक उकळी आली की बोंबलाचे दोन-दोन तुकडे एकाच थरात मांडायचे, मीठ, वर झाकण. दोन मिनिटांत झाकणाखाली पाहावं तर रस्सा दुप्पट झालेला असतो. हे त्याचं पाणी. ते मसाल्यात उतरतं आणि लसूण-चिंचेला एक गोडसर, समुद्राची चव देतं. खोबरं घातलं तर ही चव दबते, म्हणून मी घालत नाही. डाव फिरवायचा नाही. दोन फडक्यांनी पातेलं धरून गोल हलवायचं. सहा-सात मिनिटांत खाली. कोथिंबीर, आणि पाच मिनिटं तसंच झाकून ठेवायचं, कारण गरम बोंबील मोडतो आणि जरा निवलेला अंग धरतो. भात मऊ असावा. पहिला घास घेताना चावायचंच काही नसतं, जीभ टाळ्याला लागते आणि मासा उरत नाही.

इथल्या वाडवळ समाजाचं भुजणं याच्याही पुढचं आहे. त्यात फोडणीच नाही. कांदा बारीक चिरून त्यात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर, हळद, मसाला, मीठ आणि तेल घालायचं आणि हे सगळं हाताने चुरायचं, कांद्याला पाणी सुटेपर्यंत. त्यातच बोंबील हलक्या हाताने मिसळायचे, आंबटाला चिंच किंवा कैरी, आणि पातेलं मंद आचेवर. कांद्याचं पाणी आणि बोंबलाचं पाणी एकमेकांत शिजतं. मी देशावरची, मला आधी तेल तापवल्याशिवाय स्वयंपाक सुरू झाल्यासारखंच वाटत नाही. पहिल्या वेळी सासूबाईंनी कच्चा कांदा कच्च्या माशावर घातला तेव्हा माझा जीव वरखाली झाला होता. आज पाहुणे आले की मी भुजणंच करते.

आणखी एक रीत मला खूप उशिरा कळली. आमच्या मजल्यावर एक बंगाली कुटुंब राहायला आलं. त्या बाईंनी मला एकदा विचारलं, तुमच्याकडे लोटे मिळतो का? लोटे म्हणजे बोंबीलच. हा मासा गुजरात आणि उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मुबलक मिळतो, दक्षिणेकडे रत्नागिरीच्या पुढे विरळ होत जातो, आणि पुन्हा भरभरून भेटतो तो थेट बंगालच्या उपसागरात, ओडिशा, बंगाल आणि बांगलादेशच्या किनाऱ्याला. देशाच्या दोन टोकांना एकच मासा, आणि दोन्हीकडे तो ओलाही खातात, सुकाही. त्यांच्या घरी मी लोट्याचा झुरा पाहिला. मी जे चुकून केलं होतं ते त्या मुद्दाम करत होत्या. बोंबील कढईत टाकला, त्याचं पाणी सुटू दिलं, मोडू दिला, काटा उचलून बाजूला काढला. मग भरपूर कांदा, लसूण, हिरवी मिरची घालून परतत राहिल्या. पाणी आटलं, मग आणखी आटलं. शेवटी कढईत उरला तो तेल सुटलेला, तिखट, खिम्यासारखा कोरडा गोळा. त्यात मासा दिसत नव्हता, पण प्रत्येक कणात होता. त्या दिवशी घरी आल्यावर मी माझी ती पहिली फसलेली कढई आठवत बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते. आणखी अर्धा तास आचेवर ठेवली असती तर ती फसली नसती.

बोंबलाला थांबता येत नाही, हा त्याच्या मऊपणाचा दुसरा अर्थ. सुरमई बर्फात दोन दिवस राहिली तरी तिचं फारसं बिघडत नाही. बोंबील सकाळी चकचकीत असतो आणि बेफिकीर ठेवला तर संध्याकाळपर्यंत उतरतो. मावशी वाटा मांडते तेव्हा सासूबाई आधी खाली साचलेलं पाणी बघतात. वाट्याखाली पाण्याचं डबकं झालं असेल तर भाव कितीही उतरवला तरी घेत नाहीत. अंग गुलाबी, तकाकीचं, आणि उचलल्यावर हातातून ओघळत नाही असा बोंबील हवा. साफ करताना पोटात कधी जवळा सापडतो, कधी एखादा छोटा बोंबीलसुद्धा. दिसायला इतका दुबळा असला तरी हा मासा शिकारी आहे, आपल्या जातीलाही सोडत नाही.

त्याला पकडण्याची तऱ्हाही त्याच्या अंगासारखीच, पाण्याच्या ओढीवर चालणारी. डोल जाळं म्हणजे लांबलचक निमुळती पिशवी. समुद्रात रोवलेल्या खुंटांना तिचं तोंड बांधतात, प्रवाहाकडे करून. भरती-ओहोटीचं पाणी जोरात वाहू लागलं की त्याच्याबरोबर बोंबील, मांदेली, जवळा, करंदी सगळं आत शिरतं आणि शेपटाकडे गोळा होतं. पाणी वळायच्या आत जाळं उचलायचं. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, उधाणाला, डोलीत मासळी जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग असते, पाण्याला जोर नसतो, आणि पाटी हलकी होते. आमच्या घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर सासूबाई चतुर्थीसाठी बघतात तसंच बोंबलासाठीही. "परवा अमावास्या, बोंबील येतील," असं त्या म्हणतात तेव्हा मला हे फार सुंदर वाटतं, की आमच्या ताटात काय पडणार हे चंद्रावर ठरतं. जूनपासून पावसाळी बंदी, होड्या किनाऱ्याला. तेव्हा घरात आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, भरून ठेवलेले सुके बोंबील निघतात.

ते सुकताना मी प्रथम अर्नाळ्याला पाहिले. किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या, त्यांना आडव्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवर हजारो बोंबील. त्यांना टांगायला ना सुतळी लागते ना आकडा. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, दातात दात रुततात, आणि जोडी दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. बायका गप्पा मारत हे इतक्या वेगाने करतात की हात दिसत नाहीत. मीठही लावत नाहीत. ऊन आणि खारा वारा, दोन-तीन दिवस. पहिल्या दिवशी दोरीखालची वाळू ओली असते. मग थेंब थांबतात, अंग आक्रसतं, आरपार दिसणारं मांस पिवळं होतं. लहानपणी बाजारात दिसणारा तो वासलेला जबडा का वासलेला असायचा हे मला तिथे उभं राहून कळलं. तो शेवटपर्यंत दुसऱ्याचा जबडा धरून होता.

याच पट्ट्यात केळी सुकवून सुकेळी करतात. ज्या मातीने केळ्याचं पाणी उन्हाला देऊन ते टिकवायला शिकवलं तिथेच समुद्रानेही तेच शिकवलं, असं मला वाटतं. पण उन्हावर भरवसा ठेवायचा म्हणजे आभाळावर ठेवायचा. अलीकडे डिसेंबरात, मार्चमध्ये अवेळी पाऊस येतो. अर्धा सुकलेला बोंबील भिजला की तो ना ओला ना सुका. लाल पडतो, वास मारतो, आणि माणसाच्या ताटाऐवजी खतात जातो. मावशीचा एका रात्रीत असा सगळा माल गेला होता. दुसऱ्या दिवशी ती पाटीत थोडी मांदेली घेऊन आली आणि नेहमीच्याच आवाजात तिने हाक दिली. आम्ही दोघींनी तिला आत बोलावून चहा दिला. बोलायला आमच्याकडे काही नव्हतं.

२०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्य मासा झाला. त्याला मान मिळाला याचा आनंद आहे. तो कमी होतो आहे, त्याची पिल्लं वाचायला हवीत. पण त्या दिवशी मला बोंबील आठवला. पाहुणा आला की पापलेट, जावई आला की पापलेट, आणि रोजच्या कालवणाला बोंबील. सह्याद्री ओलांडून संगमनेर, जुन्नर, थेट सोलापूरपर्यंत गरिबाच्या भाकरीला समुद्राची चव पोचवली ती पापलेटने नाही. माझ्या आईने आयुष्यात समुद्र दोनदा पाहिला आहे, बोंबील मात्र दर आठवड्याला.

ओला बोंबील मात्र तिने कधी पाहिला नव्हता. हे मला खुपत होतं. गेल्या एप्रिलमध्ये, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे अर्नाळ्याला जाऊन मी दोन वाटे घेतले. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, मध्ये बोंबील, वर पुन्हा बर्फ. कसारा घाट चढून, घोटी-सिन्नरवरून संगमनेरला पोचेपर्यंत ऊन तापलं होतं. वाटेत दोनदा गाडी थांबवून बर्फ बदलला. तरी खोकं उघडलं तेव्हा तळाशी बरंच पाणी होतं, बर्फाचं किती आणि बोंबलाचं किती ते सांगता येत नव्हतं.

आईने एक बोंबील तळहातावर घेतला. तो दोन्ही बाजूंनी लोंबला. तिने जबडा उघडून दात पाहिले, आणि तेवढ्यावरून ओळखला.

"तोच हाये," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण हे तं नुसतं पाणी हाये गं."

कालवण तिनेच केलं, तिच्या काळ्या तिखटातलं. मी फक्त शेजारी उभी होते. फोडणी झाल्यावर तिने सवयीने पाण्याचा तांब्या उचलला तेव्हा मी तिचा हात धरला. "घालू नको. त्याचं आहे." तिने माझ्याकडे पाहिलं, तांब्या खाली ठेवला आणि झाकण लावलं. दोन मिनिटांनी झाकण काढून वर आलेला रस्सा ती बघत राहिली. वडिलांना आता दातांचा त्रास आहे, भाकरी दुधात कुस्करून खातात. त्या दिवशी त्यांनी ती कालवणात कुस्करली, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

जेवणं झाल्यावर खोक्यात चार बोंबील उरले होते. आई म्हणाली, याचं पाणी जातं तरी कसं, मला बघायचंय. अर्नाळ्याला बायका करतात तसे मी दोन-दोन जबडे अडकवून दाखवले. पहिल्या वेळी तिच्या हातून सुटले, दुसऱ्या वेळी बसले. गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीवर तिने दोन्ही जोड्या टाकल्या आणि मांजर येईल म्हणून दार लावून खुर्ची घेऊन सावलीत बसली. मी संध्याकाळी निघाले तेव्हा दोरीखाली फरशीवर ओले डाग होते.

तिसऱ्या दिवशी भावाने फोनवर फोटो पाठवला. आईच्या हातात चार पिवळ्या, वाकड्या काड्या. मी फोन केला तर तिचं पहिलं वाक्य, "झाला बघ आता, आपल्या बाजारातल्यासारखा." मागे खलबत्त्याचा आवाज येत होता.